नीलमच्या अर्जाविषयी भाऊजींना

गाडगेनगर, अमरावती
रविवार

आदरणीय देवमन भाऊजी आणि पंचफुलाताई यांना धर्मेंद्रचा सविनय जय भीम.

आधी ताजी बातमी सांगतो आणि मग तब्येतीची विचारपूस करतो. क्रम उलटा झाला याचा राग मानू नका. तुमच्या नीलमनं दिलेला अर्ज आमच्या महाविद्यालयाच्या शैक्षणिक समितीनं चर्चेला घेतला असून येत्या बुधवारी त्यावर बैठक आहे. या बातमीला कार्यालयातल्या ओमप्रकाशबाबूंनी काल दुजोरा दिला. (प्राचार्य सांगतात ते बदलू शकतं. ओमप्रकाशबाबू सांगतात ते आधीच टाइप होऊन सहीला गेलेलं असतं.) अर्ज मंजूर झाला तर माझा विषय बंद पडेल. विषय बंद पडला तर माझ्या तासिका भरणार नाहीत. तासिका भरल्या नाहीत तर संस्था मला अतिरिक्त ठरवून अकोल्याच्या शाखेत पाठवेल. आणि अकोल्यात मला हक्कानं उतरता येईल असं एकच घर आहे, ते म्हणजे कौलखेडचं तुमचं. तेव्हा हे पत्र आपल्या दोघांच्याही हिताचं आहे, सावकाश वाचा.

ताईचा गुडघा कसा आहे? गुळवेलीचा काढा तिनं सोडला असेल तर बरंच केलं. तुमचं सकाळचं फिरणं चालू असेलच. इकडे दवाखान्यात तुमच्या वहिनीची, म्हणजे भावनाची, रात्रपाळी संपून दिवसपाळी लागली आहे, त्यामुळे घरात माणसं एकमेकांना उजेडात दिसतात. नीलमची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम असायला नको होती, असं प्राचार्यांचं मत आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. भाऊजी, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मागच्या वेळी मी माझ्या पोटाची तक्रार सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या शेजारच्या पेंटरनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर आसनांचे फोटो पाठवले. शिवाय फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुमचा निर्णय तयार असतो. वीज मंडळात तक्रारी घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही सवय लागते, मी समजू शकतो. पण ही तक्रार फ्यूज बदलून मिटणारी नाही.

आता प्रकरण काय ते मुळापासून सांगतो. तुम्ही नीलमला भौतिकशास्त्र शिकायला इथे पाठवलंत. मामा त्याच कॉलेजात आहे, लक्ष राहील, हा तुमचा हिशेब. (मामानं लक्ष ठेवलं. त्यातूनच हे सगळं झालं.) नव्या नियमानुसार विज्ञानाच्या मुलांना दोन वर्षं, आपल्या विषयाशी काडीचा संबंध नसलेला दुसऱ्या शाखेतला एक विषय घ्यावाच लागतो. त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. म्हणजे विषय कुठला ते तुम्ही निवडायचं, पण निवडायचं नाही हे मात्र निवडता येत नाही. त्याशिवाय पदवी नाही. भौतिकशास्त्रात कोणी कितीही चमकला तरी या एका विषयात अडकला की पदवी कार्यालयाच्या कपाटात राहते.

आमच्या तत्त्वज्ञान विभागात मुख्य विषय घेऊन येणारा विद्यार्थी शेवटचा कधी दिसला ते मला आठवत नाही. विभाग म्हणजे मी, एक टेबल, आणि एक पंखा, जो भूगोल विभागाचा आहे. या नियमानं आम्हाला तारलं. मी ‘विचार कसा करावा’ या नावाचा विषय उघडला. पण समोर गृहअर्थशास्त्राच्या शकुन मॅडमनी ‘आहार आणि पोषण’ उघडला, ज्यात दर आठवड्याला चव घ्यायला मिळते. प्रवेशाच्या वेळी सगळ्या विभागांनी सभागृहात आपापली टेबलं मांडली, तेव्हा त्यांच्या टेबलावर गिला वडा होता. संगीतवाल्यांकडे खंजिरी होती. माझ्या टेबलावर एक पाटी होती: ‘तुम्हाला जे खरं वाटतं ते खरं आहे कशावरून?’ एक मुलगा थांबला, त्यानं पाटी वाचली, आणि वड्याची रांग हीच का म्हणून विचारलं.

संख्या कमी पडत होती. तेव्हा मी नीलमला म्हणालो, बाई, घरच्या माणसानं साथ द्यायची नाही तर कोणी द्यायची. तिला शकुन मॅडमच्या वर्गात जायचं होतं. ती म्हणाली, “मामा, मले स्वयंपाक शिकू द्या, मामीले मदत होईल.” यात तिनं मामीच्या स्वयंपाकावर काही टीका केली असं भावनाला वाटलं, ते वेगळं; पण शेवटी ती माझ्या वर्गात आली. म्हणजे तिच्यावर सक्ती दोनदा झाली, एकदा कॉलेजाची आणि एकदा मामाची. हा मुद्दा तिच्या अर्जात नाही, हे तिचं चांगुलपण.

वर्षाच्या शेवटी मी वर्गाला एक लेखनकाम दिलं. तुम्ही ज्या नियमाखाली जगता असा एखादा नियम निवडा, तो ज्या कारणांवर उभा आहे ती कारणं मांडा, आणि ती टिकतात का ते तपासा. बहुतेकांनी हेल्मेट घेतलं. तिघांनी हॉस्टेलचं गेट घेतलं आणि ते तिघं नेमकी तीच वाक्यं लिहून आले. नीलमनं, ज्या नियमानं तिला माझ्या वर्गात बसवलं होतं, तोच नियम घेतला.

भाऊजी, मी इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासतो आहे. थकून गेलो आहे. बहुतेक उत्तरपत्रिका मी वाचत नाही, ओळखतो. पण हे पानभर लेखन वाचताना माझा चहा गार झाला. तिचं म्हणणं असं: विषय चांगला असेल तर मुलं आपण होऊन येतील, सक्ती कशाला? आणि विषय वाईट असेल तर सक्ती अन्यायाची. म्हणजे सक्तीला कुठेच जागा उरत नाही. आणि खाली एक वाक्य होतं, ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. ‘माझ्या पणजोबांनी काय शिकू नये, हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं. मी काय शिकावं, हेही दुसऱ्यांनीच ठरवायचं काय?’ मी पूर्ण गुण दिले. दुसरं काही देता येत असतं तर तेही दिलं असतं.

इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती आमच्या कॉलेजांच्या एका जुन्या रिवाजामुळे झाली. दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक विभाग भित्तिपत्रक काढतो. काचेच्या फळ्यावर मुलांचे लेख सुंदर अक्षरात लावायचे, वरून पडदा सोडायचा, प्राचार्यांनी दोरी ओढायची, टाळ्या, फोटो, चहा. हे लेख कोणी वाचावेत अशी अपेक्षा नसते आणि आजवर कोणी वाचलेलेही नाहीत. मागच्या वर्षी एका विभागाच्या भित्तिपत्रकावर त्याच्या आदल्या वर्षीचे लेख होते, ते उद्घाटनानंतर दिवाळीपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. तर मी अभिमानाच्या भरात नीलमचा लेख मधोमध लावला. तिनं त्याला मोठ्या लाल अक्षरात शीर्षक दिलं: ‘ही सक्ती कशासाठी?’

प्राचार्य आले. दोरी ओढली. पडदा अर्ध्यावर अडकला, तो ओमप्रकाशबाबूंनी छत्रीनं सोडवला. मग प्राचार्यांनी लेखाकडे पाठ करून भाषण केलं. लेखिका कोण म्हणून विचारलं, नीलमला पुढे बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “या मुलीनं जे लिहिलं आहे, ते प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावं आणि अमलात आणावं.” टाळ्या झाल्या. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात तो छापून आला. हसरे प्राचार्य, शेजारी नीलम, आणि दोघांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत अगदी स्पष्ट लाल अक्षरं. (तुम्ही ते कात्रण फ्रेम करून घेतल्याचं ताईनं कळवलं. फोटो चांगलाच आहे. पण शीर्षक वाचलंत का?)

मुलांनी ते वाचलं, आणि अमलातही आणलं. आठवड्याच्या आत विज्ञान शाखेतल्या मुलांच्या सह्यांनी, ही सक्ती काढून टाकावी असा अर्ज तयार झाला. अर्जाची सुरुवात अशी: ‘माननीय प्राचार्य महोदयांनी जाहीर कार्यक्रमात केलेल्या आवाहनास अनुसरून...’ सोबत वर्तमानपत्राचं कात्रण जोडलेलं. अर्जाचा मसुदा कोणाचा हे सांगायला नको. आजवर त्या कार्यालयात आलेला पहिला शुद्ध मराठी अर्ज, असं ओमप्रकाशबाबू म्हणाले. त्यांनी तो आनंदानं आवक केला, आणि एकदा आवक झालेला कागद ते प्राचार्यांच्या सांगण्यावरूनही परत देत नाहीत.

प्राचार्यांनी मला बोलावलं. ते रागावले नव्हते, दुखावले होते. ते म्हणाले, सर, विषय तुमचा, भाची तुमची, भित्तिपत्रक तुमचं. आता उत्तरही तुम्हीच लिहा. बुधवारी समितीसमोर या सक्तीचा उद्देश काय ते तुम्ही सांगायचं. आणि मुलीच्या वडिलांना कळवून तिला अर्ज मागे घ्यायला लावायचं. हे दोन्ही नाही झालं तर अकोला. ‘अकोला’ हा शब्द त्यांनी फार हळू आवाजात उच्चारला. गैरसमज नको, भाऊजी. अकोल्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण भावनाची नोकरी इथल्या दवाखान्यात, घराचे हप्ते इथे, आणि माझं वय रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरण्याचं राहिलेलं नाही.

मग मी उद्देश शोधायला निघालो. शकुन मॅडम म्हणाल्या, उद्देश माहितीपुस्तिकेत छापला आहे. मी पाहिला. ‘विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास.’ हे शब्द मी यापूर्वी भातकुलीला एका निवडणुकीच्या फलकावर आणि एका टॉनिकच्या बाटलीवर वाचले आहेत. गणिताचे विभागप्रमुख म्हणाले, “पोट्ट्यायले आपल्या विषयाशिवाय दुसरंबी काही आलं पाह्यजे.” मी विचारलं, दुसरं म्हणजे काय? ते म्हणाले, “दुसरं.” इतिहासवाले एकटे प्रामाणिक निघाले. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की उद्देश म्हणजे तू आणि मी. आपल्या तासिका भरतात, हाच उद्देश, फक्त तो समितीपुढे बोलू नको. असं मी पाच विभाग फिरलो. ज्या गोष्टीशिवाय पोरांना पदवी मिळत नाही, ती कशासाठी आहे हे सांगणारा एक माणूस मला इमारतीत सापडला नाही. आणि त्या इमारतीत मीही होतो.

शेवटी जेवताना मी थेट नीलमशीच बोललो. म्हटलं, तुझा अर्ज मागे घे असं मी म्हणत नाही, पण एक ऐक. वर्षापूर्वी तू आलीस तेव्हा तुला फक्त ‘सिद्ध करा’ लिहिलेलं सिद्ध करता येत होतं. कोणी काही सांगितलं की तू वहीत उतरवून घ्यायचीस. आज तू प्राचार्यांना, समितीला आणि मला अडवून उभी आहेस. हे त्या सक्तीच्या विषयानं केलं. सक्ती नसती तर तू वडे तळत बसली असतीस. मग सक्ती वाया गेली का?

मला वाटलं, जिंकलो. भावनानंही पोळी लाटता लाटता माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. नीलमनं वरणात पोळी कुस्करली आणि शांतपणे म्हणाली, “मामा, एका मान्साच्या दाखल्यावरून सगळ्यायसाठी नियम काढता येत नाही. तुमीच तं शिकोलं.”

मी म्हणालो, बरं, पणजोबांचं तू लिहिलंस. ते जर आज असते आणि कॉलेजाचं दार उघडं दिसलं असतं, तर कुठलाही वर्ग असो, ते आत जाऊन बसले असते. विषय कोणता हेही विचारलं नसतं.

“बसलेच असते नं,” ती म्हणाली. “पन कोनी ढकललं नसतं त्यायले.”

भावना म्हणाली, “जेवू द्या नं तिले. तुमी काय भांडून राहिले पोरीशी?” मी भांडत नव्हतो, भाऊजी. मी हरत होतो. दोन्हींत फरक आहे. पण तो सांगण्यासारखा प्रसंग नव्हता.

तर प्राचार्यांच्या सूचनेनुसार मी आपणास रीतसर कळवतो की आपली कन्या कु. नीलम हिनं सदर अर्ज मागे घ्यावा, यासाठी आपण पालक या नात्यानं तिला समज द्यावी. तुम्हाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. मागे फोनवर तुम्ही म्हणालात तेच, “पोरगी फिजिक्स शिकाले पाठोली का अर्ज कराले?” तुमचा राग मला मान्य आहे. पत्राच्या फक्त या पानाची झेरॉक्स प्राचार्यांना दाखवायची आहे, म्हणून हा परिच्छेद मी नव्या पानावर, जरा चांगल्या अक्षरात लिहिला आहे.

ताईला सांगा, नीलम वेळेवर जेवते आणि केसांना तेल लावते. तुमच्या प्रकृतीची काळजी घ्या.

आपला,
धर्मेंद्र

ता.क. झेरॉक्स त्या एका पानाची, तीही वरच्या सहीपर्यंतच काढली आहे. आता खरं सांगतो. प्राचार्यांनी मला तुम्हाला कळवायला सांगितलं, ते मी कळवलं. तुम्ही ते ऐकावं असं त्यांनी सांगितलेलं नाही आणि मीही सांगत नाही. नीलमला फोन करून रागावू नका. केलाच तर स्पीकर बंद ठेवा, आणि तिचं पहिलं वाक्य तरी पुरं होऊ द्या. तुम्हाला त्याचा उपयोग होईल, मला झाला.

ता.क. दुसरा. अर्ज देण्याआधी तिनं तो मला दाखवला होता. शिक्षक म्हणून, मामा म्हणून नाही, असं बजावून. मी काहीच बोलायला नको होतं. पण तिसऱ्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं की मुलं या तासाला झोपतात, म्हणून तास निरुपयोगी. मी म्हटलं, हे काढ, रसायनशास्त्रातही झोपतात. मग राहवलं नाही, म्हणून आणखी एक सांगितलं. म्हटलं, तुझ्या मांडणीत एक भोक आहे. विषय चांगला असेल, पण मुलाला ते अजून ठाऊकच नसेल तर? जे पाहिलंच नाही ते माणूस निवडणार कसं? सक्तीच्या बाजूनं बोलण्यासारखी ही एकच गोष्ट माझ्याजवळ होती, भाऊजी, ती मी तिला देऊन टाकली. त्या रात्री ती उशिरापर्यंत लिहीत बसली. सकाळी तिनं नवा परिच्छेद आणला. त्यात लिहिलं आहे की बाजारात टरबूजवाला फोड कापून हातावर देतो, अख्खं टरबूज गळ्यात मारत नाही. तेव्हा प्रत्येक विषयाचे सुरुवातीचे पंधरा दिवस सगळ्यांनी बसावं, आणि मग ज्याला राहायचं त्यानं राहावं, ज्याला जायचं त्यानं जावं. त्या परिच्छेदातली दोन विरामचिन्हं माझी आहेत.

ता.क. तिसरा. ओमप्रकाशबाबूंच्या अंदाजानुसार समिती हे पंधरा दिवसांचं कलम या सत्रापुरतं, फक्त माझ्या विषयावर, प्रयोग म्हणून मान्य करील. माझ्याच का, तर गृहअर्थशास्त्राला हात लावायची कोणाची हिंमत नाही. बुधवारी नीलम अर्जाच्या बाजूनं बोलेल आणि मी विरोधात बोलेन. दोघं तिच्याच स्कूटरवर जाणार आहोत, कारण माझी पंक्चर आहे. त्या पंधरा दिवसांची तयारी मी कालपासून सुरू केली आहे. जुनी टिपणं काढून पाहिली. ती वाचताना मलाच झोप आली, तेव्हा नवी लिहितो आहे. नोकरीला लागल्यापासून इतका घाबरून मी कधी तासाची तयारी केली नव्हती. तुमचं घर मला प्रिय आहे, पण तुमच्याकडे साडेआठला दिवे बंद होतात आणि मला वाचत पडायची सवय आहे, एवढं लक्षात असू द्या. पंधरा दिवसांनी मुलं वर्गात टिकली तर तुम्हाला फोन करीन, खुशाल स्पीकरवर ऐका. नाही टिकली तर फोन करणार नाही. मी स्वतःच येईन, गादी घेऊन.